कुऱ्हाड कोणाची, नाव कोणाचे?

टॉमहॉक हे नाव आम्हा बहुतेकांच्या कानी पडले ते जानेवारी १९९१ मध्ये. आखाती युद्ध पेटले होते आणि अमेरिकी युद्धनौकांवरून सुटलेली टॉमहॉक क्षेपणास्त्रे बगदादवर कोसळत होती. हे नाव मूळचे कोणाचे, हा प्रश्न त्या धुरात कोणाला सुचणार? पुढे शोध घेतला तेव्हा आम्ही पोहोचलो ते उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या एका लहानशा कुऱ्हाडीपाशी.

इंग्रजांनी १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाऊनची वसाहत उभारली. तिथल्या पॉव्हाटन लोकांच्या भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ तोडण्याचे हत्यार, एवढाच. पूर्वी लाकडी दांड्याला दगडी पाते बांधलेले असे. मग युरोपीय व्यापारी आले. त्यांना बीव्हर या प्राण्याची कातडी हवी होती. तिच्या बदल्यात ते लोखंडी पाती देऊ लागले. तीच कुऱ्हाड सरपण फोडी, शिकारीत उपयोगी पडे आणि प्रसंगी लढाईतही चाले.

अठराव्या शतकात तिचे एक आगळे रूप घडले. एका बाजूला पाते, दुसऱ्या बाजूला तंबाखूची चिलीम आणि धूर ओढण्यासाठी पोकळ दांडा! युद्ध आणि सलोखा एकाच दांड्यावर नांदू लागले. तहाच्या बैठकीत अशी चिलीम-कुऱ्हाड भेट दिली जाई. इरोक्वॉय जमातींची परंपरा सांगते, की आपसातले वैर मिटवताना त्यांनी आपली शस्त्रे पांढऱ्या पाइन वृक्षाखाली पुरली. कुऱ्हाड पुरणे म्हणजे समेट करणे, हा इंग्रजी वाक्प्रचार मूळ रहिवाशांच्या याच रिवाजातून आला.

परंतु ज्यांनी त्यांची जमीन घेतली, त्यांनीच त्यांची कहाणीही लिहिली. कादंबऱ्यांत आणि हॉलिवूडच्या चित्रपटांत चिलीम मागे पडली, पाते तेवढे उरले. टॉमहॉक म्हणजे रानटीपणा, असे समीकरण रूढ झाले.

या समीकरणाला छेद देणारी एक हकिगत आहे. पोंका जमातीला १८७७ मध्ये नेब्रास्कातून बळाने हुसकावून आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आले. तिथे त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर याचा मुलगा मरण पावला. त्याला पूर्वजांच्या मातीत दफन करण्यासाठी बाप काही सोबत्यांसह निघाला आणि वाटेत अटकेत पडला. ओमाहाच्या न्यायालयाने मे १८७९ मध्ये निकाल दिला: कायद्याच्या दृष्टीने इंडियन हाही माणूसच आहे. माणूसपण सिद्ध करण्यासाठी निकाल लागावा, यातच सारे आले. कृतज्ञ स्टँडिंग बेअरने आपली चिलीम-कुऱ्हाड वकिलाला भेट दिली. पुढे हातोहात फिरत ती हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात गेली आणि २०२२ मध्ये पोंका जमातीकडे परतली.

कुऱ्हाड परतली, नाव मात्र परतलेले नाही. अमेरिकी नौदलासाठी १९७० च्या दशकात घडवलेल्या क्षेपणास्त्राला ते दिले गेले. १९९८ मध्ये सुदान आणि अफगाणिस्तान, २००३ मध्ये पुन्हा बगदाद, असा त्याचा प्रवास झाला. ज्यांची घरे त्याने पाडली, त्यांना ते नाव ठाऊक आहे. त्या नावामागचे लोक, त्यांची चिलीम आणि झाडाखाली पुरलेली शस्त्रे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचली नाहीत. ती ओळख व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.