कारखाना बंद पडला, क्लब चालू आहे



इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, तुम्ही कुठेही असा, आठ कोनांचा बिल्ला लावलेली मोटार तुमच्या रस्त्यावरून गेली असेलच. बिल्ल्यात दोन अक्षरं, एम आणि जी. २०१९ पासून या नावाच्या गाड्या गुजरातमध्ये हलोलला बनतात. या नावाची मालकी आता चीनमध्ये आहे. बिल्ला मात्र शंभर वर्षांपूर्वीचा, इंग्लंडमधला. इतक्या उलथापालथीत त्या नावाची किंमत शिल्लक राहिली, याचं मोठं श्रेय मी कंपनीला नाही, एका क्लबला देतो. आजची गोष्ट त्या क्लबची.

मी फौजी माणूस. एरवी इतिहास म्हटला की मी लढायांकडे वळतो. मग आज मोटारी कशाला? त्याचं कारण असं, की युनिट कशामुळे टिकतं हा प्रश्न मला नोकरीभर पडलेला होता. अधिकारी बदलतात, जवान निवृत्त होतात, छावणी दुसऱ्या गावी हलते, तरी पलटण तीच राहते. ती नेमकी कुठे राहते? याचं एक चांगलं उत्तर मला फौजेच्या बाहेर, तेलाने बरबटलेल्या हातांच्या माणसांमध्ये सापडलं.

सुरुवातीपासून सांगतो. ऑक्सफर्डला विल्यम मॉरिस या कारखानदाराचा गाड्या विकण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय होता. त्याचं नाव मॉरिस गॅरेजेस. त्याचीच आद्याक्षरं एम.जी. १९२२ मध्ये सेसिल किंबर तिथे व्यवस्थापक झाला. मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्या घ्यायच्या, त्यांच्यावर हलकी, देखणी बॉडी चढवायची आणि इंजिनात थोडी जान भरायची, हा त्याचा उद्योग. १९२५ च्या लँड्स एंड ट्रायलमध्ये त्याने स्वतः अशी एक गाडी चालवून सुवर्णपदक मिळवलं. ती गाडी आज गेडनच्या मोटार संग्रहालयात आहे.

१९२९ मध्ये हा उद्योग ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन या गावी, चामड्याच्या एका जुन्या कारखान्यात गेला. त्याच सुमारास एम.जी. मिजेट ही छोटी गाडी बाजारात आली. ८४७ सी.सी.चं इंजिन, प्लायवूडवर कापड ताणून केलेली बॉडी आणि किंमत १७५ पौंड. स्पोर्ट्स कार म्हणजे बड्या लोकांचा खेळ, ही समजूत या गाडीने मोडली. आता पगारदार तरुणही ती घेऊ लागला. मात्र पगारदार माणसाकडे नोकर-मेकॅनिक नसतो. गाडी बिघडली की त्याला दुसरा मिजेटवाला शोधावा लागतो. क्लबचं बी तिथे आहे.

१९३० मध्ये मोटारींच्या एका साप्ताहिकात वाचकाचं पत्र छापून आलं, की एम.जी.वाल्यांनी एकत्र यावं. १२ ऑक्टोबर १९३० रोजी, रविवारी, लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेजजवळच्या ब्रॉडवॉटरला रोबक इन या खाणावळीत पहिली बैठक झाली. जॉन थॉर्नली हा एकवीस वर्षांचा, हिशेबनिसाचं काम शिकणारा मुलगा चिटणीस झाला. पुढच्या वर्षी किंबरने त्याला कारखान्यातच नोकरीला घेतलं. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेच्या ऑर्डनन्स कोअरमध्ये होता आणि १९५२ मध्ये त्याच कारखान्याचा प्रमुख झाला. क्लबचा चिटणीस पुढे कारखाना चालवतो, असं उदाहरण विरळा.

आता हा क्लब करतो काय? देशभर त्याच्या स्थानिक शाखा आहेत, त्यांना ते सेंटर म्हणतात. प्रत्येक सेंटरची महिन्याला एक बैठक, एखाद्या पबमध्ये. तिचं नावच ‘नॅटर’, म्हणजे गप्पाष्टक. मग ट्रायल असते. चिखलाने भरलेला चढ न थांबता चढायचा. इथे वेगाचा संबंध नाही, चाक फिरत राहिलं पाहिजे. मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून शेजारी बसलेला सोबती आसनावर अक्षरशः उड्या मारतो. ऑटोटेस्टमध्ये मोकळ्या जागेत शंकू मांडतात. त्यांच्यामधून पुढे, मागे, वळून, घड्याळ लावून गाडी काढायची. शंकूला धक्का लागला की वेळेत दंड. ट्रेझर हंटमध्ये नकाशा आणि कोडी देतात. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने वाट सांगायची. बहुतेक वेळा हे दोघं नवरा-बायको असतात, त्यामुळे खजिना सापडेपर्यंत संसाराची परीक्षा होते. यातल्या एकाही खेळाला मोठं बक्षीस नाही. फौजेतल्या खेळांचंही तसंच असतं. चषक पितळेचा, चुरस सोन्याची.

काही वर्षांपूर्वी त्या भागात नातेवाईकांकडे गेलो असताना मी अशा एका नॅटरला गेलो होतो. एक निवृत्त बसचालक, एक दंतवैद्य, एक शाळामास्तरीण आणि पंचविशीतली एक मुलगी, जिला आजोबांची गाडी वारशाने मिळाली होती. निघायच्या वेळी दंतवैद्यांची गाडी सुरू होईना. एका मिनिटात चार जण बॉनेटखाली. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडते का, अशी पायरीपायरीने तपासणी. दोष त्या मुलीने काढला. वितरकाच्या टोपीच्या आत ओल धरली होती. तिने ती रुमालाने पुसली आणि गाडी लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बसचालकाने फक्त तिला विचारलं, “कुणी शिकवलं?” ती म्हणाली, “तुम्हीच, मागच्या हिवाळ्यात.” मला आमचा बडा खाना आठवला. त्या रात्री कर्नलसाहेब आणि स्वयंपाकी एका पंगतीला बसतात आणि कोण कुणाकडून काय शिकला याचा हिशेब दर्जाप्रमाणे होत नाही.

अशा शिकण्याची किती गरज असते, त्याचा एक नमुना. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० नग बनलेली एम.जी. टी.सी. ही गाडी घ्या. इंजिन १,२५० सी.सी., बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा. या इंजिनाच्या बोल्टांना डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, पण आटे मेट्रिक. इंग्लंडमध्ये त्या काळी मेट्रिक आटे कुठून आले? तर पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या हॉचकिस या मशिनगन बनवणाऱ्या कंपनीने जर्मनांच्या भीतीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना थाटला होता. युद्धानंतर तो इंजिनं बनवू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच होती, म्हणून आटे फ्रेंच राहिले. पाना बसावा म्हणून डोकी इंग्रजी केली. हे ज्याला माहीत नाही, तो बाजारातला तसाच दिसणारा बोल्ट आणतो, जोर लावून फिरवतो आणि इंजिनाचा ठोकळा खराब करतो. हे ज्ञान आज शाळेत मिळत नाही, साध्या गॅरेजमध्येही नाही. ते नॅटरमध्ये मिळतं.

महायुद्धाने कारखान्याला धक्का दिला. ॲबिंग्डनला रणगाड्यांची दुरुस्ती सुरू झाली. किंबरने विमानाच्या भागांचं एक काम वरिष्ठांना न विचारता घेतलं आणि १९४१ मध्ये त्याला जावं लागलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या रेल्वे अपघातात तो गेला. आपल्या गाड्यांचं युद्धानंतरचं भाग्य त्याला पाहायला मिळालं नाही. ते भाग्य अमेरिकेत उघडलं. इंग्लंडमध्ये तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांना या छोट्या गाड्यांचं वेड लागलं होतं. १९४८ मध्ये वॉटकिन्स ग्लेन गावच्या रस्त्यांवर पहिली शर्यत झाली, तेव्हा टी.सी. गाड्या तिच्यात होत्या. न्यू इंग्लंड भागात १९६३ मध्ये टी मालिकेच्या गाड्यांसाठी वेगळी संघटना निघाली. समुद्रापलीकडे मूळ कारखाना नव्हता, त्यामुळे तिथला सभासद एकमेकांवर अधिकच अवलंबून होता.

पुढचा भाग कठीण दिवसांचा. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड हा मोठा समूह तयार झाला आणि पुढच्या वर्षी त्याने क्लबला मिळणारा आधार काढून घेतला. कंपनीच्या पैशावर चालणारी मंडळं अशा वेळी पांगतात. हा क्लब वर्गणीवर उभा राहिला. १९७३ मध्ये एम.जी. ओनर्स क्लब हा दुसरा मोठा क्लबही निघाला. मग सप्टेंबर १९७९ आला. ॲबिंग्डन गावाने एम.जी.च्या पन्नास वर्षांचा सोहळा नुकताच केला होता आणि लगेचच्या सोमवारी कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. क्लबवाल्यांनी लंडनमध्ये गाड्यांचा मोर्चा नेला, तरी ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एम.जी.बी. बाहेर पडली. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक बनलेली ही गाडी तिथेच थांबली.

फौजी भाषेत सांगायचं तर मुख्यालय पडलं होतं आणि तुकड्या मैदानात होत्या. तुकड्यांनी काय केलं? चासी क्रमांकावरून गाड्यांच्या नोंदवह्या ठेवल्या. कोणती गाडी कधी बनली, कुणाकडे गेली, आज कुठे आहे, हे लिहून ठेवलं. सुटे भाग पुन्हा घडवून घेतले. गिऱ्हाईक इतकं पक्कं होतं, की १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याचे जुने साचे शोधून काढले आणि एम.जी.बी.ची नवी कोरी बॉडी पुन्हा तयार करायला सुरुवात केली. गाडी बंद होऊन आठ वर्षं झाली होती. आज क्लबचं कार्यालय ॲबिंग्डनलाच, जुन्या कारखान्याच्या जवळ आहे. इमारतीला किंबरचं नाव आहे.

आता आपल्या घराकडे येतो. स्टँडर्ड हेराल्ड आठवते? १९६१ पासून मद्रासला बनायची. मूळची ट्रायम्फ हेराल्ड. ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्रजी स्पोर्ट्स कार याच हेराल्डच्या पोटी जन्मली. दोघींच्या आकाराचा आरेखक एकच, इटलीचा मिकेलॉटी. पुढच्या चाकांची जोडणीही बहुतांशी तीच. म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांसमोर स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण उभी असायची आणि आपल्याला ते माहीत नव्हतं.

माझ्या वडिलांकडे हेराल्ड होती. तिच्या पुढच्या चाकाखाली ट्रनियन नावाचा ब्राँझचा एक भाग असतो. चाक वळतं तेव्हा एक आटे असलेला दांडा त्याच्यात फिरतो. या भागाला घट्ट तेल द्यायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत नीट पोचत नाही, खाली पाणी साचतं, गंज धरतो आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं होतं. आमच्याकडे गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ग्रीसच भरलं गेलं. पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी चाक मुडपलं. वेग कमी होता म्हणून सगळे वाचलो. सुटा भाग मिळाला नाही. दोन वर्षं गाडी अंगणात उभी राहिली आणि मग भंगारात गेली. वडील त्या दिवशी गच्चीवर जाऊन बसले, फाटकापर्यंत आले नाहीत.

इंग्लंडमध्ये १९७७ मध्ये ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब निघाला. हेराल्ड आणि स्पिटफायर दोन्ही त्याच्यात येतात. तिथे नव्या सभासदाच्या कानावर पहिल्यांदा पडणाऱ्या गोष्टींपैकी एक असते, ट्रनियनला तेल. दोन शब्दांचं ज्ञान. आमच्या गल्लीत ते सांगणारा कुणी नव्हता.

आपल्याकडे जुन्या गाड्यांची हौस नाही असं नाही. दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४ पासूनची आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्ही.ए.’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, तेही चांगलं झालं. पण रॅलीत आपण पाहतो ते चकाकणारं पत्र्याचं रूप. त्या गाड्या ज्यांनी चालत्या ठेवल्या ते मिस्त्री गर्दीत मागे उभे असतात. त्यांच्या हातातली विद्या कुठल्या वहीत उतरलेली नसते. एक मिस्त्री गेला की एक आख्खं वर्कशॉप मॅन्युअल जातं.

म्हणून माझ्या प्रश्नाचं मला मिळालेलं उत्तर असं: पलटण छावणीत राहत नाही, ती शिकवण्याच्या सवयीत राहते. बसचालकाने त्या मुलीला हिवाळ्यात शिकवलं, तिथे ती आहे.

तुमच्या गावात एखादी फियाट, हेराल्ड, अँबॅसिडर किंवा जावा अजून चालत असेल, तर या रविवारी तिच्या मालकाला आणि मिस्त्रीला चहाला बोलवा. दोघांना बोलू द्या आणि एकाने लिहून घ्या. तीन माणसं पुरेशी आहेत, पहिल्या नॅटरला त्याहून जास्त लागत नाहीत.

भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.