फिनिअस गेजची बदनामी

मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक उघडावे आणि मेंदूच्या प्रकरणात फिनिअस गेज भेटू नये, असे सहसा घडत नाही. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ, रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. सुरुंगाची दारू ठासताना अवचित स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सव्वातेरा पौंड वजनाची पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. गेज वाचला. इथवर सारे खरे आहे.

पुढे पुस्तके सांगतात ती कथा अशी : हा सालस माणूस दारुडा आणि भांडखोर झाला, कोणत्याच कामावर टिकला नाही आणि पहार दाखवीत भटकत मेला.

या कथेला आधार कोणता? त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ साली प्रसिद्ध केलेला वृत्तांत हाच मुख्य. गेज लहरी, हट्टी व शिवराळ झाला. जुनी मुकादमी त्याला परत मिळाली नाही. हा पहिला माणूस नव्हे असे स्नेही म्हणत, हे त्यात आहे. मद्यपान मात्र नाही. उलट, गेजने दीड वर्ष घोड्यांच्या तबेल्यात काम केले आणि १८५२ साली चिलीला जाऊन तेथे अनेक वर्षे सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली, हे त्याच वृत्तांतात नमूद आहे! परका मुलूख, परकी भाषा, उतारूंची जोखीम. हे का बेताल माणसाचे काम?

१८६० साली सॅन फ्रान्सिस्कोत अपस्माराच्या झटक्यांनी तो वारला. १८७८ मध्ये डेव्हिड फेरियर यांनी मेंदूच्या पुढच्या भागाचे कार्य सांगताना त्याचा दाखला दिला, आणि गेज माणसाचा दृष्टान्त झाला. दृष्टान्ताला 'आधी' आणि 'नंतर' एवढेच पुरते. मधली वर्षे अडचणीची ठरतात. ग्रंथकार एकमेकांचे पाहून लिहीत गेले. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी २००० साली मूळ कागद आणि पुस्तके शेजारी ठेवली, तेव्हा ही तफावत उघड झाली. २००९ साली गेजचे छायाचित्रही ओळखले गेले : डावा डोळा मिटलेला, पोशाख नीटनेटका, हातात ती पहार.

मेलेल्या माणसाला बदनामीचे सुखदुःख नसते. परंतु डोक्याला इजा झालेल्या मुलाच्या उशाशी आजही कोणी आई बसलेली असते. तिला सांगण्यासारखे गेजच्या आयुष्यात जे होते, नेमके तेच आपण पाठातून गाळले.