इथिओपियाची राख आणि आमच्या मजल्यावरची भरलेली बॅग

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार. आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी दोन बॅगा भरून उभ्या होत्या. मुलगा एसी टेक्निशियन, पहिल्यांदाच आखातात नोकरीला निघालेला. बॅगांचं वजन तीनदा करून झालं होतं, सुके बोंबील कपड्यांना वास लागू नये म्हणून चार पिशव्यांत गुंडाळले होते. फाउंटनला ट्रॅफिक लागतं म्हणून गाडी दोन तास आधीच सांगितली होती. आणि मोबाईलवर मेसेज आला: ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द.

काकू धावत माझ्याकडे आल्या. "अरे, ज्वालामुखी कुठे फुटला? वज्रेश्वरीला काय झालं का?"

मी म्हटलं, "काकू, इथिओपियात." त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. आफ्रिकेत डोंगर फुटतो आणि वसईतल्या पोराचं विमान सुटत नाही, हे त्यांना पटेना. त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटी कामाची माहिती आहे, ती वाचाच.

आधी वज्रेश्वरीचं. काकूंची शंका अगदीच वेडगळ नव्हती. आपण ज्या जमिनीवर राहतो ती ज्वालामुखीनंच केलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थरावर थर साचले. तुंगारेश्वरचा डोंगर, जीवदानीचा डोंगर, सगळा तोच काळा कातळ. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं गरम आहेत, कारण पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. तिथे जागा ज्वालामुखी नाही. काकूंनी निश्चिंत राहावं.

आता इथिओपिया. तिथल्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी आहे. गेल्या सुमारे बारा हजार वर्षांत तो फुटल्याची कुठलीही नोंद नव्हती. रविवारी, २३ नोव्हेंबरला सकाळी तो फुटला आणि राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली. जवळच्या अफदेरा भागातल्या गावांवर राख पडली, गुराढोरांच्या चाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. खरं नुकसान त्या लोकांचं झालं, आणि आपल्याकडच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख जेमतेम एका ओळीचा होता.

वरच्या वाऱ्यांनी हा ढग तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून आपल्याकडे आणला. सोमवारी रात्री तो गुजरात, राजस्थान करत दिल्लीपर्यंत पोचला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, कंपन्यांना राखेचा भाग टाळायला सांगितलं. एकट्या एअर इंडियानं ११ उड्डाणं रद्द केली, कारण राखेच्या भागावरून गेलेली विमानं तपासायची होती. आखाताकडची इतरही काही उड्डाणं रद्द झाली, काही वळवली गेली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत ढग चीनच्या दिशेनं निघून गेला. जेमतेम एका दिवसाचा पाहुणा.

त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर "घराबाहेर पडू नका, राखेचा पाऊस पडणार" असे मेसेज फिरत होते. ढग होता विमानांच्या उंचीवर, जमिनीवर जवळपास काहीच नव्हतं. आपण रोज बाल्कनीतून जी धूळ पुसतो ती रस्त्यांची, बांधकामांची आणि खदानींची आहे. तिचा दोष इथिओपियाला देऊ नये.

मग नुसत्या राखेला विमान एवढं का घाबरतं? आपल्या डोळ्यासमोर येते ती चुलीतली मऊ राख. ज्वालामुखीची राख म्हणजे दळलेला दगड आणि काच. ही काच साधारण ११०० अंशांच्या आसपास वितळते आणि चालू जेट इंजिनाच्या आत त्याहून जास्त तापमान असतं. आत गेलेली राख वितळते, पुढच्या पात्यांवर चिकटून घट्ट होते आणि इंजिन गुदमरतं. समोरच्या काचा घासून धुरकट होतात. त्यात विमानाच्या हवामान रडारला पावसाचे थेंब दिसतात, ही कोरडी बारीक राख दिसत नाही.

हे शहाणपण जगाला कसं आलं, त्या गोष्टीत आपली मुंबईसुद्धा आहे. जून १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो लंडनहून न्यूझीलंडला निघालं होतं. वाटेत ते मुंबईला, आपल्या सहारला थांबलं. पुढे क्वालालंपूरहून निघाल्यावर २४ जूनच्या रात्री ते जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. अंधारात ढग दिसलाच नाही. एकेक करत चारही इंजिनं बंद पडली. आत २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी. कॅप्टन एरिक मूडी यांनी ३७ हजार फुटांवरून विमान तरंगवत खाली आणलं. सुमारे १३ हजार फुटांवर, राखेच्या बाहेर आल्यावर, इंजिनं पुन्हा सुरू झाली. धुरकट काचेतून जेमतेम दिसत असताना त्यांनी विमान जकार्ताला उतरवलं. सगळे वाचले.

डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कात केएलएमच्या विमानाची तशीच चारही इंजिनं बंद पडली. तेही वाचलं. त्यानंतर जगभर राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं उभी राहिली. हायली गुब्बीच्या ढगाचे इशारे त्यातल्याच फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्रानं दिले. म्हणजे काकूंच्या मुलाला आलेला तो मेसेज हे १९८२ च्या त्या रात्रीचं फळ आहे. विमान रद्द झालं म्हणून कुणाचा जीव गेला नाही, हे आधी मान्य करूया.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला एप्रिल २०१० मध्ये. आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुत्ल फुटला आणि युरोपचं आकाश सहा दिवस जवळपास बंद राहिलं. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द, सुमारे एक कोटी माणसं अडकली. मुंबईहून लंडन, फ्रँकफर्टला जाणारेही त्यात होते. पण मला आठवतात केनियाचे फुलवाले. तिथला गुलाब विमानानं युरोपात जातो. विमानं थांबली तशी फुलं सडली, मळ्यांतल्या मजुरांना काम उरलं नाही. ज्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवला नाही त्यांची मजुरी बुडाली. आपल्याला हे समजावून सांगायला नको. पहाटेची लोकल बंद पडली तर वसईचा चाफा आणि जास्वंद दादरला पोचत नाही, आणि दुपारी त्या फुलांना कुणी विचारत नाही.

२०१० पर्यंत साधा नियम होता: राख दिसली की उड्डाण नाही. त्या नुकसानीनंतर राख किती दाट आहे ते मोजून निर्णय घेण्याची पद्धत आली. २०२५ मध्ये सगळं आकाश बंद न करता निवडक उड्डाणं रद्द झाली, ती याच शिकवणीतून.

आणखी मागे गेलो तर राखेचा फटका वेगळाच दिसतो. वसईचा तह १८०२ चा. त्यानंतर तेराव्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, इंडोनेशियात तांबोरा फुटला. १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली. आपल्याकडे पाऊसमान बिघडलं आणि १८१७ मध्ये बंगालातून पटकीची साथ पसरली. या दोन्हींचा संबंध काही इतिहासकार जोडतात. १८८३ ला क्राकाताऊ फुटला तेव्हा मद्रासकडे लोकांना सूर्य हिरवा दिसला होता. लोकांनी नवलानं वर पाहिलं, पण कुणाची नोकरी अडली नाही, कारण तेव्हा नोकरी आभाळातून जात नव्हती.

आता जाते. आपल्या तालुक्यात आखातात माणूस नाही अशी आळी शोधून सापडायची नाही. विमानतळावर सामान चढवणारे, सफाई करणारे, टॅक्सी चालवणारे कितीतरी जण विरार-नालासोपाऱ्यातून पहाटेची गाडी पकडतात. डोंगर कुठेही फुटो, त्याचा हिशोब आपल्या घरात येतो.

काकूंच्या मुलाचं काय झालं? तो पाच दिवसांनी गेला. नोकरी टिकली, पण पगार पोचल्याच्या दिवसापासून धरला. तिकीट एजंटकडून काढलेलं. एजंट म्हणाला, "पैसे वरून आले की देतो." काकूंनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि नव्या तिकिटासाठी सोनं गहाण ठेवलं. जीव वाचवण्याची व्यवस्था चाळीस वर्षांत चोख झाली. पैशांबाबत मात्र गरजू माणूस अजून एकटाच फिरतो, कारण त्याला नियम कुणी सांगत नाही.

म्हणून नियम सांगतो. नैसर्गिक आपत्तीमुळे विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मागता येत नाही. पण तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक निवडायचा हक्क तुमचा आहे. आणि डीजीसीएच्या नियमानुसार तिकीट एजंटकडून काढलेलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे, कारण एजंट हा त्यांचाच प्रतिनिधी मानला जातो. रद्द झाल्याचा मेसेज डिलीट करू नका. रद्द झाल्याचं लेखी पत्र मागा. तिकडच्या मालकाला ते त्याच दिवशी पाठवा आणि व्हिसाची शेवटची तारीख तपासा.

काकूंना हे मी २४ तारखेला सांगायला हवं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर शोधलं, कंपनीला लेखी अर्ज केला, पाठपुरावा चालू आहे.

तुमच्याकडे २०१० ला किंवा या वेळी कुणी अडकलं होतं का? पैसे मिळाले का? खाली लिहा. आणि ही पोस्ट त्या घरी नक्की पाठवा जिथे आत्ता दाराशी बॅग भरून ठेवलीय.