बालाकोट हल्ल्याचे चित्रण आणि संसदेची देखरेख

२६ फेब्रुवारी २०१९ रोजी ग्वाल्हेरच्या हवाई तळावरून निघालेल्या मिराज-२००० विमानांनी पाकिस्तानातील बालाकोट येथे बॉम्बहल्ला केला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला हवाई दलाने दाखविलेली चित्रफीत केवळ प्रसिद्धिपर होती. प्रत्यक्ष हल्ल्याचे चित्रण तीत नव्हते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८ अन्वये राष्ट्रसुरक्षेला बाधक माहिती नाकारता येते. हा अपवाद २० वर्षांनंतरही संपत नाही. मात्र लोकहित अधिक मोठे ठरल्यास ती देण्याची मुभा कलम ८(२) देते.

३१ खासदारांची संरक्षणविषयक स्थायी समिती कागदपत्रे मागवू शकते. परंतु लोकसभेच्या नियम २७० नुसार राज्यसुरक्षेच्या कारणावरून सरकार ती नाकारू शकते. परिणामी नागरिक व लोकप्रतिनिधी दोघांसाठीही पहिला निर्णय सरकारच्याच हाती राहतो.