मालेविचच्या चित्रांचा कालनिर्णय

चित्रकाराने स्वहस्ते लिहिलेली तारीख हा इतिहासकाराला सामान्यतः निर्णायक पुरावा वाटतो. कझिमिर मालेविच (१८७९–१९३५) या रशियन चित्रकाराच्या बाबतीत मात्र नेमका हाच पुरावा सर्वाधिक पारखून घ्यावा लागतो.

त्याचे ‘काळा चौरस’ हे चित्र डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राड येथील प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आले. रशियन घरांत जेथे पूज्य धर्मचित्र ठेवीत, त्या भिंतींच्या कोपऱ्यात उंचावर ते टांगलेले होते. मालेविचने त्याचा काळ १९१३ सांगितला. ‘सूर्यावरील विजय’ या संगीतनाटकाची नेपथ्यरचना त्याने त्या वर्षी केली होती, आणि नव्या कलेचा उगम तेथे दाखविणे त्याला इष्ट वाटले. अभ्यासक मात्र ते चित्र १९१५ चेच मानतात.

याहून गंभीर प्रश्न उत्तरकालीन चित्रांचा आहे. लेनिनग्राड येथील ज्या कलासंस्थेचा तो संचालक होता, ती १९२६ मध्ये बंद करण्यात आली. १९२७ मध्ये बर्लिनमध्ये प्रदर्शित केलेली चित्रे तेथेच ठेवून त्याला मायदेशी परतावे लागले. १९२९ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयात त्याचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. या सुमारास त्याने नवी चित्रे रंगवून त्यांवर बऱ्याच पूर्वीच्या तारखा घातल्या. त्यामुळे दृक्प्रत्ययवादापासून अमूर्ततेपर्यंतचा त्याचा प्रवास सुसूत्र भासू लागला. १९३० मध्ये त्याला अटकही झाली.

या कालविपर्यासाने अर्थच पालटतो. त्याच्या चित्रांतील चेहरे नसलेले शेतकरी क्रांतिपूर्व मानले, तर ती अमूर्त कलेची पूर्वतयारी ठरते. पण ते १९२८ नंतरचे आहेत हे ध्यानी घेतले, की शेतीच्या सक्तीच्या सामूहिकीकरणाचा काळ त्यांच्यामागे उभा राहतो. ती चित्रे म्हणजे त्या घटनांवरील उघड भाष्यच होय, असे निश्चयाने म्हणता येणार नाही. परंतु हा प्रश्न विचारण्याचा अधिकारदेखील खऱ्या तारखेमुळेच प्राप्त होतो.

म्हणून खोटी ठरलेली तारीख पुसून टाकणे उचित नव्हे. आपला इतिहास कसा वाचला जावा याविषयीची चित्रकाराची इच्छा तीत नोंदली गेली आहे. सूचीकाराने लिहिलेली तारीख आणि निर्णीत तारीख या दोहोंची नोंद करावी. पहिली चित्रकाराच्या मनाचा पुरावा आहे, दुसरी चित्राच्या काळाचा.