शिकार-परवाने, हस्तांतरणीय

शासनाने जमीनमालकास दिलेले व त्याला मोबदला घेऊन दुसऱ्या व्यक्तीच्या स्वाधीन करता येतील असे वन्य प्राण्यांच्या शिकारीचे परवाने वा अधिकारपत्रे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागातील काही राज्यांत ही पद्धत रूढ आहे. मारलेल्या प्राण्याच्या अंगावर बांधावयाच्या चिठ्ठीवरून अशा परवान्यास तेथे ‘टॅग’ म्हणतात. वन्य प्राणी कोणाच्या मालकीचे आणि ते पोसण्याचा भार कोणी सोसावयाचा, या दोन प्रश्नांभोवती या पद्धतीविषयीचा वाद केंद्रित झालेला आहे.

पार्श्वभूमी : रोमन विधीनुसार मोकळा वन्य प्राणी कोणाच्याच मालकीचा नसे, जो पकडील त्याचा तो होई. इंग्लंडमध्ये मात्र नॉर्मन विजयानंतर (१०६६) राजांनी विस्तीर्ण प्रदेश राजवने म्हणून राखून ठेवले. १६७१ च्या शिकार अधिनियमाने शिकारीचा हक्क मुख्यत्वे वार्षिक १०० पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता मर्यादित केला. आपल्या शेतातील पीक खाणारा ससा मारण्याचीही कुळास मुभा नव्हती. मालमत्तेची ही अट १८३१ मध्ये रद्द झाली व सशांपासून पिकाचे रक्षण करण्याचा कुळांचा हक्क १८८० मध्ये मान्य करण्यात आला. फ्रान्समध्ये सरंजामदारांचा शिकारीचा एकाधिकार ऑगस्ट १७८९ मध्ये संपुष्टात आला.

अमेरिकेतील वसाहतवाल्यांना ही युरोपीय परंपरा नकोशी होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या संविधानाने रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर, तसेच कुंपण नसलेल्या इतर जमिनींवर शिकार करण्याचे स्वातंत्र्य दिले. पुढे गीर विरुद्ध कनेटिकट या खटल्यात (१८९६) सर्वोच्च न्यायालयाने वन्य प्राणी राज्याच्या मालकीचे असून ते जनतेच्या वतीने राज्याने सांभाळावयाचे असतात, असे तत्त्व मांडले. या निर्णयातील मालकीचा सिद्धांत १९७९ मध्ये न्यायालयाने त्याज्य ठरविला; तथापि विश्वस्तपणाची कल्पना राज्यांच्या वन्यजीवविषयक धोरणात टिकून राहिली.

परवान्यांची उत्पत्ती : बाजारासाठी झालेल्या अनिर्बंध शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी एल्क (काश्मीरमधील हंगुलाचे आप्त असलेले मोठे हरिण) फार थोड्या प्रदेशात शिल्लक राहिले होते. शिकारीवरील निर्बंध, परवानाशुल्क आणि १९३७ च्या अधिनियमान्वये बंदुका व दारूगोळ्यावरील करातून मिळालेला निधी यांमुळे त्यांची संख्या पुन्हा वाढली. परंतु ही वाढ शेतकरी व पशुपालक यांना जाचक ठरली. पश्चिमेकडील उंच पर्वतप्रदेश बहुतांशी संघशासनाच्या मालकीचे आहेत. पाण्याच्या सोयीच्या सुपीक खोरी मात्र एकोणिसाव्या शतकात वसाहतकऱ्यांच्या हाती गेली. हिमवर्षाव सुरू झाला, की एल्कांचे कळप या खोऱ्यांत उतरतात आणि गवताच्या गंजी व कुरणे फस्त करतात. प्राणी जनतेचे आणि वैरण मात्र आपली, ही मालकांची तक्रार त्यातून उद्‌भवली.

भरपाई रोख देण्याऐवजी काही राज्यांनी परवान्यांच्या रूपाने दिली. कोलोराडोत मर्यादित परवान्यांचा काही हिस्सा किमान १६० एकर सलग शेतजमीन असणाऱ्यांसाठी राखून ठेवतात आणि त्यांना मिळालेले अधिकारपत्र दुसऱ्यास विकता येते. न्यू मेक्सिकोत मालकापुढे दोन पर्याय असतात : केवळ स्वतःच्या जमिनीपुरते अधिकारपत्र घेणे, किंवा संपूर्ण शिकारविभागात चालणारे अधिकारपत्र घेऊन त्या बदल्यात आपली जमीन इतर परवानाधारकांस खुली करणे.

वादाचे स्वरूप : समर्थकांच्या मते, ज्या प्राण्यापासून केवळ नुकसान होते तो मालकास शत्रू वाटतो, त्याच्यापासून उत्पन्न मिळू लागले, की मालक त्याचा अधिवास जपतो आणि जमिनीचे तुकडे करून ती बांधकामासाठी विकण्याचे टाळतो. विरोधकांचा आक्षेप असा, की सोडतीत वर्षानुवर्षे नाव न निघालेल्या सामान्य शिकाऱ्याचा वाटा अशा रीतीने धनिकांना विकला जातो आणि इंग्लंडमधील जुनी व्यवस्था नव्या वेषात परत येते. शिवाय मालक कळप आपल्या हद्दीत राखून ठेवण्याचा यत्न करतो, असेही ते म्हणतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य असल्याने राज्यांची धोरणे भिन्न आहेत. माँटॅनाने १९८५ पासून खाजगी जमीन जनतेस शिकारीसाठी खुली करणाऱ्या मालकांना मोबदला देण्याचा मार्ग अनुसरला. व्यावसायिक शिकारसहलींच्या गिऱ्हाइकांसाठी राखीव असलेले परवाने तेथील मतदारांनी २०१० मध्ये सार्वमताने रद्द केले.

सार्वजनिक जमिनीवरील प्रवेश : परवाना असूनही जमिनीपर्यंत पोहोचता येत नसेल, तर तो व्यर्थ ठरतो. लोहमार्ग कंपन्यांना एकोणिसाव्या शतकात एकाआड एक चौरस मैलाचे भूखंड देण्यात आल्याने वायोमिंगसारख्या राज्यांत खाजगी व सार्वजनिक भूखंडांचा बुद्धिबळाच्या पटासारखा नकाशा तयार झाला आहे. २०२१ मध्ये चार शिकारी शिडीच्या साहाय्याने एका सार्वजनिक भूखंडाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्यावर गेले. त्यांच्यावरील फौजदारी आरोप २०२२ मध्ये ज्यूरीने फेटाळला. जमीनमालकाच्या दिवाणी दाव्यात, सार्वजनिक जमिनीची कोंडी करण्यास मनाई करणाऱ्या १८८५ च्या अधिनियमाच्या आधारे, दहाव्या मंडल अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. खाजगी भूमीला स्पर्श न करता असे कोपरे ओलांडणाऱ्यास अडविता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हा निर्णय त्या मंडलातील सहा राज्यांपुरता बंधनकारक असून माँटॅना त्यांत मोडत नाही.

युरोपात या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसून येते. फ्रान्समधील १९६४ च्या विधीनुसार लहान मालकांना आपली जमीन स्थानिक शिकारमंडळास खुली करावी लागे. शिकारीस तत्त्वतः विरोध असणाऱ्या मालकांवर अशी सक्ती करणे हा त्यांच्या हक्कांचा भंग होय, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९९ मध्ये ठरविले. प्राणी हद्द मानीत नाहीत, पण माणसाचे हक्क हद्दीवरच ठरतात. या विसंगतीवर सर्वमान्य तोडगा अद्यापि निघालेला नाही.