बेरजेत न बसलेली बाई

फराळाच्या ताटाशी नीतिशास्त्र काढणे ही मास्तरांची जुनी खोड. वाचकांनी ती सणापुरती पोटात घालावी.

परवा दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, ज्याने जास्तीत जास्त लोकांच्या इच्छा पुऱ्या होतात तेच चांगले, असे ठरवले तर भांडणच मिटेल ना?" पोराला ठाऊक नव्हते, पण हे बेंथॅमच्या (१७४८-१८३२) मताचे धाकटे भावंड. बेंथॅम सुख मोजी. पुढच्यांनी सुखाच्या जागी इच्छा घातली. रावाची एक, रंकाचीही एक. मोजणाऱ्याच्या लहरीला थारा नाही, म्हणून हे माप वस्तुनिष्ठ म्हणायचे.

मी त्याला रखमाबाईंची हकिगत सांगितली. अकराव्या वर्षी त्यांचे दादाजी भिकाजींशी लग्न झाले. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या, आणि नांदायला जाईनात. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. पण अपिलानंतर पारडे फिरले आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी तुरुंग पत्करला असता, पण त्या गेल्या नसत्या.

आता करा बेरीज. एकीकडे नवरा, त्याचे आप्त, सारा सनातनी समाज आणि पाठीशी 'केसरी'सारखे वजनदार पत्र. दुसरीकडे बावीस वर्षांची एक बाई व मूठभर सुधारक.

"म्हणजे बेरीज चुकली, सर?"

बेरीज बरोबरच होती. रकमाच तपासायच्या राहिल्या होत्या. रखमाबाईंची इच्छा स्वतःच्या देहाविषयी, बाकीच्यांचीही त्यांच्याच देहाविषयी! दोन्हींना एकच माप कसे लावावे? हार्सान्यी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये सुचवले की द्वेषातून, मत्सरातून उठणाऱ्या इच्छा मोजूच नयेत. ठीक आहे, पण कोणती इच्छा गाळायची हे इच्छांची मोजदाद कुठून सांगणार? तो निवाडा बाहेरूनच आणावा लागतो. शिवाय सनातन्यांपैकी कित्येक द्वेषाने बोलत नव्हते. त्यांना तो धर्मच वाटे. त्यांना कोणत्या चाळणीने गाळाल? इथे माझे आणि बेंथॅमच्या वंशजांचे बिनसते.

पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला शिकल्या, डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट इथे वर्षानुवर्षे बायकांवर उपचार करीत राहिल्या. १९५५ मध्ये त्या वारल्या.

मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, ज्या बायका त्यांच्या हातून बऱ्या झाल्या, त्या १८८७ च्या बेरजेत धरायच्या की नाही?"

तेवढ्यात घंटा झाली. खरे सांगायचे तर मला ती हवीच होती.